शेतकऱ्यांच्या पोरांनी भाड्यानं घेतलेलं घर

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या बाबांचा फोन आला होता. एरवी आमचं बोलणं द्राक्षांची छाटणी, पाऊस आणि गुडघेदुखी यांच्यापलीकडे जात नाही. या वेळी मात्र त्यांचा आवाज चढलेला होता. "पोरगं म्हणतंय, कुठल्यातरी फ्रॅटर्निटीत राहायला जाणार. सिनेमात दाखवतात ती दारूची घरं ना रे ती? तू चाळीस वर्षं तिकडं अमेरिकेत काढलीस, तूच सांग त्याला चार गोष्टी." मी म्हटलं, आधी त्याला सविस्तर लिहितो, मग तुझ्याशी बोलतो.

तुझा मेसेजही वाचला. दोनच ओळी. शेतीवाल्या मुलांच्या फ्रॅटर्निटीनं, म्हणजे एका घरात मिळून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळानं, सोमवारी जेवायला बोलावलंय, जाऊ का? जेवायला तर जाच. राहायला जायचं की नाही हे ठरवण्याआधी मात्र ही घरं मुळात कशासाठी उभी राहिली ते तुला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. फी किती, खोली कशी, कुणाला कुठं नोकरी लागली, हे ती मुलं तुला सांगतीलच. मला सव्वाशे वर्षांमागचं सांगायचं आहे.

तुमच्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बानाच्या कॅम्पसवर मधोमध मक्याचा एक लहानसा तुकडा आहे. मॉरो प्लॉट्स. १८७६ पासून तिथं प्रयोग चालू आहेत, आणि त्यातल्या एका वाफ्यात तेव्हापासून दरसाल मकाच घेतात. पुढे शेजारी विद्यार्थ्यांचं ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा इमारतीची सावली मक्यावर पडू नये म्हणून १९६९ साली ते जमिनीखाली बांधलं. मी मातीचा विद्यार्थी. पहिल्याच आठवड्यात त्या तुकड्याच्या कडेला उभा राहून मी तुझ्या बाबांना आंतरदेशीय नाही, चांगलं पाच पानी पत्र लिहिलं होतं. पिकाच्या उन्हासाठी इमारत जमिनीत घालणारे लोक आहेत हे, यांच्याकडून शिकायला हरकत नाही, असं त्यात होतं.

पण सुरुवातीला त्या मक्याला मिळाला तेवढा मान मका पिकवणाऱ्यांच्या पोरांना नव्हता.

१८६२ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या केंद्रातल्या दर खासदारामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यायची, ती विकून निधी उभा करायचा आणि त्यातून शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची, असा तो कायदा. इलिनॉयच्या वाट्याला ४,८०,००० एकर आले. ही जमीन सरकारची झाली ती मूळच्या आदिवासी जमातींकडून, करारांनी आणि बळजबरीनं घेऊनच. तुझ्या-माझ्यासारख्या जमिनीवर जीव असणाऱ्या माणसानं हे विसरू नये.

कायद्यामुळे कॉलेजं निघाली, शेतकऱ्यांची पोरं शहरात आली. तिथं आधीपासून वकिलांची, डॉक्टरांची, पाद्र्यांची मुलं होती, आणि ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या त्यांच्या फ्रॅटर्निटी होत्या. शेती शिकणाऱ्याला हिणवायला 'काऊ कॉलेज'वाला हा शब्द तयार होता. कॉलेजांकडे वसतिगृहं जवळपास नव्हतीच. कुठल्यातरी बाईच्या घरी खोली घ्यायची, दुसरीच्या घरी जेवायचं, आणि संध्याकाळी गोठ्यातल्या प्रात्यक्षिकावरून परतताना बुटांचा वास कुणाला येऊ नये म्हणून मागच्या गल्लीनं जायचं.

हे चित्र तुला अनोळखी वाटायला नको. तुझे आजोबा साताऱ्याला कर्मवीरांच्या बोर्डिंगात शिकले. खेड्यातलं पोर शहरात शिकायला निघालं की त्याचा पहिला प्रश्न पुस्तकांचा नसतो, राहायचं कुठं आणि भाकरी कुठं मिळणार, हा असतो. शाहू महाराजांनी तो ओळखला आणि १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं काढली. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. आजोबा सांगायचे ना, पाणी ओढलं, भाकऱ्या थापल्या, आणि मग अभ्यासाला बसलो? नेमक्या त्याच काळात अमेरिकेच्या मधल्या राज्यांत शेतकऱ्यांची पोरं तोच प्रश्न आपल्या परीनं सोडवत होती. फरक एवढाच की त्यांच्यामागे कुणी महाराज नव्हते, कर्मवीर नव्हते. पोरांनी एकत्र येऊन घरं भाड्यानं घेतली.

सुरुवात ओहायोत झाली. १८९७ साली ओहायो स्टेटमध्ये बर्केट आणि कनिंगहॅम या दोन विद्यार्थ्यांनी अल्फा झेटा काढली. ती हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तुझा प्रश्न घराचा आहे. १९०४ मध्ये त्याच विद्यापीठात अल्फा गॅमा ऱ्हो नावाचं मंडळ निघालं. त्या सुमारास तुमच्या इलिनॉयमध्ये डेल्टा ऱ्हो सिग्मा नावाचं मंडळ होतं. दोन्हीकडची पोरं एकमेकांना भेटली ती शिकागोच्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनात, जनावरं पारखण्याच्या स्पर्धेच्या निमित्तानं. ४ एप्रिल १९०८ रोजी इंडियानापोलिसच्या क्लेपूल हॉटेलात दोन्ही मंडळांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना केली आणि नाव अल्फा गॅमा ऱ्हो हेच ठेवलं.

ही जनावरं पारखण्याची स्पर्धा तू एकदा बघायला हवीस. चार जनावरं उभी करतात. चार गोऱ्हे म्हण, चार मेंढ्या म्हण. विद्यार्थ्यानं पुढून, मागून, बाजूनं बघून त्यांचा क्रम लावायचा. खरसुंडीच्या यात्रेत आपला शेतकरी खिल्लार खोंडाचं शिंग, खूर, वशिंड न्याहाळतो ना, तसंच. पण खरी परीक्षा पुढे असते. परीक्षकासमोर ताठ उभं राहून, कागदाकडे न बघता, दोनेक मिनिटांत तोंडी कारणं द्यावी लागतात. पहिलीला पहिली का ठेवली, तिसरी चौथीपेक्षा सरस कुठे. "मला आवडली" चालत नाही. शिवाय जिला तू खाली टाकलंस तिच्यात जे चांगलं आहे तेही आपल्या तोंडानं कबूल करावं लागतं. आपल्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, इथं सगळं मोठ्यानं बोलून. या पोरांची मैत्री असल्या ठिकाणी जुळली, आणि म्हणून मला त्या संघटनेच्या मुळाशी ही सवय दिसते: नीट बघायचं, मत बनवायचं आणि कारणासकट सांगायचं.

त्यांनी आपला हेतू ठरवला तो साध्या शब्दांत असा होता की आधी माणूस चांगला घडवायचा, आणि त्याच्या हातून शेती अधिक चांगली, अधिक व्यापक करायची. या क्रमाकडे लक्ष दे. चांगलं बियाणं आणि चांगला नांगर कुठलंही कॉलेज देतं. घराचं काम त्याआधीचं आहे.

दुसरी संघटना मिसुरीची, आणि मला स्वतःला तिची गोष्ट जास्त जवळची वाटते. कोलंबिया गावात मिसुरी विद्यापीठातले शेतीचे काही विद्यार्थी रविवारी दुपारी बायबलच्या वर्गाला जमायचे. पोरांना एकमेकांची सवय झाली. सुट्टीनंतर पांगून जायला नको, सगळे मिळून एका घरात राहू, असं हॉवर्ड डोन नावाच्या मुलाच्या मनात आलं. १५ एप्रिल १९०५ ला सात जणांनी संघटना काढली. ग्रीक अक्षरं घेतली नाहीत. नाव ठेवलं 'फार्महाऊस'. शेतातलं घर, बस. ज्या शब्दावरून लोक हिणवायचे तोच शब्द त्यांनी दारावर लावला. आपल्या पोटजातीचं, गावाचं, धंद्याचं नाव लपवत शहरात राहणारी माणसं मी पुण्यात पाहिली आहेत, त्यातला एक काही काळ मीही होतो. त्यामुळे या सात पोरांच्या धिटाईचं मोल मला कळतं.

त्या सातांचं पुढं काय झालं ते बघ, म्हणजे घराचा हेतू आपोआप कळेल. डोननं १९१९ मध्ये सेंट लुईसला शेतीच्या व्यवस्थापनाचा सल्ला देणारी संस्था काढली, तेव्हा असा सल्ला विकत घ्यायचा असतो हे शेतकऱ्यांना माहीतही नव्हतं. हेन्री रस्क पुढे याच तुमच्या इलिनॉयच्या कृषी महाविद्यालयाचा डीन झाला. क्लॉड हचिसन कॅलिफोर्नियात कृषी विभागाचा डीन झाला आणि निवृत्तीनंतर बर्कली शहराचा महापौर. आणि हेन्री क्रुसेकॉफ हा माझा माणूस. त्यानं मिसुरी राज्याची माती गाव-शिवार फिरून पारखण्यात, तिचे नकाशे करण्यात आयुष्य घातलं. मातीचं सर्वेक्षण म्हणजे काय ते मला विचार. हातात ऑगर, दर थोड्या अंतरावर भोक पाडायचं, चिमूट ओली करून बोटांत मळायची, फीत किती लांब निघते ते बघायचं. दिवसभर, पुन्हा पुन्हा. याला कुणी टाळ्या वाजवत नाही. असल्या कामाला जन्मभर टिकून राहणारा माणूस एकट्यानं घडत नाही, असं माझं मत आहे. विशीत त्याच्याभोवती कोण होतं, यावर ते पुष्कळ अवलंबून असतं.

तू मक्याच्या लाह्यांची ती पाकिटं मायक्रोवेव्हमध्ये फोडतोस ना, ऑर्व्हिल रेडेनबाकरची? तोही पर्ड्यूमधला अल्फा गॅमा ऱ्होचाच. तुझ्या होणाऱ्या मित्रांकडून हे नाव तू दहा वेळा ऐकशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. क्रुसेकॉफचं नाव क्वचितच कुणी घेईल.

आता दुसरी बाजू. १९०६ साली, म्हणजे ही सगळी मंडळं आकार घेत होती त्याच वेळी, अर्बानाला शेती शिकायला एक हिंदुस्थानी मुलगा आला. रवींद्रनाथ ठाकुरांचा मुलगा, रथींद्रनाथ. १९०९ मध्ये पदवी घेऊन तो परतला. तोही शेतीचाच विद्यार्थी, पण त्याचं घर फ्रॅटर्निटीत नव्हतं. परदेशी मुलांनी आणि त्यांच्यात मिसळू पाहणाऱ्या अमेरिकन मुलांनी मिळून तिथं कॉस्मोपॉलिटन क्लब काढला, तो उभा करण्यात रथींद्रनाथाचा हात होता. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये कोर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात शिकले. त्यांना भाऊबंद भेटले ते लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत, आणि त्यातून ते इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत गेले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी मका-गव्हावर काम केलं, तिथला चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं त्यांना आपल्या भिंतीवरच्या चित्रात भाकरी वाटताना रंगवलं. शेतीवरचं प्रेम या दोघांचं कुणाहून कमी नव्हतं. पण त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक फ्रॅटर्निटी गोऱ्यांपुरत्याच होत्या. कितीतरी ठिकाणी ते नियमांत लिहिलेलं होतं, उरलेल्या ठिकाणी लिहायची गरज नव्हती. तुझ्या आजोबांच्या बोर्डिंगातली पंगत या बाबतीत पन्नास वर्षं पुढं होती, हे अभिमानानं लक्षात ठेव. तुला आज बोलावणं आलं, ते सहजासहजी आलेलं नाही.

मुलींचंही तसंच. शेती शिकणाऱ्या मुली वाढल्या, घरं मुलांचीच राहिली. १९७८ मध्ये पुन्हा ओहायो स्टेटमध्येच काही मुलींनी सिग्मा अल्फा काढली, १९८४ मध्ये सेरेस निघाली. तुझी मामेबहीण पुढच्या वर्षी येणार आहे म्हणतात, तिला ही नावं कळव.

आता मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

१९८४ च्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळायला एक पदवीचा मुलगा यायचा. लालसर केस, हात सुतारासारखे. तो अशाच एका घरात राहायचा. घराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नावावरून तू घर निवडावंस असं मला वाटत नाही. डिसेंबरात सगळे घरी निघाले की वसतिगृह ओस पडतं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, सोमवारी आमच्याकडे जेवायला ये, टाय घालून.

चाळीसेक पोरं लांब टेबलांमागे उभी. स्वयंपाक करणाऱ्या बाई बसेपर्यंत कुणी बसलं नाही. मग प्रार्थना. त्यांनी डोकी खाली घातली, मीही हात जोडून मनातल्या मनात आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला. वाडगी उजवीकडे सरकू लागली आणि माझ्यापर्यंत बीफचं ताट आलं. मी ते न घेता पुढं दिलं. कुणी काही बोललं नाही. बाईंनी मात्र पाहिलं होतं. त्या उठून आत गेल्या आणि मका, शेंगा, उकडून घोटलेला बटाटा अशी बशी घेऊन आल्या. पुढच्या सोमवारी मी न सांगताच माझ्या जागेवर वेगळी बशी झाकून ठेवलेली होती. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी शेजारच्या मुलानं विचारलं, तू काय पुटपुटतोस? मी श्लोक मोठ्यानं म्हणून दाखवला, अर्थ सांगितला. अन्नाला देव म्हणणं त्याला फार आवडलं. घरी जाऊन आईला सांगेन म्हणाला.

त्याच घरात एकदा बर्फाच्या वादळात अडकलो आणि रात्री मुक्काम पडला. तिथं सगळे एका मोठ्या खोलीत झोपायचे, बंकांच्या रांगा, जानेवारीतही खिडक्या उघड्या. कोल्ड डॉर्म म्हणतात त्याला. चार गोधड्यांखाली मला झोप लागली नाही. अंधारात एक पोरगा दुसऱ्याला हलक्या आवाजात रसायनशास्त्राचं समीकरण समजावत होता. रात्री दीडला. दुसऱ्या दिवशी पेपर होता त्या दुसऱ्याचा.

आणि एक शनिवार. १९८५ चा मार्च. त्या वर्षांत इथल्या शेतीची दशा तुला वाचून माहीत असेल. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढले, बँकांनी हात सैल सोडले, मग व्याजदर वाढले आणि भाव कोसळले. शेजारच्या आयोवात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत जमिनीची किंमत साठ टक्क्यांहून जास्त उतरली. घरातल्या एका मुलाच्या वडिलांच्या अवजारांचा लिलाव होता, दोन तासांच्या अंतरावर. त्या मुलानं कुणाला सांगितलं नव्हतं, गावाकडच्या पेपरातली जाहिरात कुणीतरी पाहिली. सकाळी सहाला चार पिकअप भरून पोरं निघाली. मी मधल्या सीटवर दोघांत अवघडून बसलो होतो.

तिकडं लिलाव लहान वस्तूंपासून सुरू होतो. गवताच्या गाड्यावर पाने, घण, साखळ्या, जुनी हत्यारं मांडलेली. लिलाव करणारा गाड्याच्या बाजूनं सरकत एकेक वस्तू उचलतो. मुलाचे वडील गोठ्याच्या दाराशी उभे होते, हात खिशात. पोरं काही बोलली नाहीत. नुसती जाऊन त्यांच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, रांगेत. पान्यांची एक लाकडी पेटी निघाली, झाकणावर आजोबांच्या नावाची अक्षरं कोरलेली. माझ्या लाल केसांच्या मित्रानं हात वर केला. वर्गणीचे पैसे आधीच गोळा केलेले होते. पेटी त्यांनी परत त्या वडिलांच्या गाडीत नेऊन ठेवली. ट्रॅक्टर गेला, कंबाइन गेलं, ते कुणाच्याच हातात नव्हतं.

मी लहान असताना थकबाकीपायी आमच्या शेजाऱ्याची बैलजोडी नेली, तेव्हा आख्ख्या आळीनं दारं लावून घेतली होती. माझ्या आईनंही. त्या माणसाची लाज बघायला लागू नये म्हणून दारं लावली, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण दार लावलं की आतल्याला वाटतं तो एकटाच बुडाला. पुढे आपल्याकडे विदर्भातून ज्या बातम्या येत राहिल्या, त्या वाचताना मला दर वेळी ती गोठ्यापुढची रांग आठवते. फ्रॅटर्निटीचा हेतू काय, असं मला कुणी विचारलं तर मी ती रांग सांगतो.

म्हणून मी 'नको' म्हणत नाही. पण सगळीच घरं तशी नसतात, आणि तेच घर दहा वर्षांनी तसं राहत नाही. दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात.

तुझे बाबा ज्याला भितात ते खोटं नाही. नव्या पोराला 'घडवण्या'च्या नावाखाली छळणं, हेझिंग, यानं या देशात मुलांचे जीव घेतले आहेत, बहुतेक वेळा दारू पाजून. आपल्याकडे तेच रॅगिंग. आमच्या होस्टेलवर पहिल्या वर्षी तुझ्या बाबांना थंडीत रात्री दोन वाजता पाण्याच्या हौदात उभं केलं होतं. मी शेजारी होतो, गप्प होतो. पुढच्या वर्षी नव्या मुलांची पाळी आली तेव्हा मी खोलीचं दार लावून अभ्यास करत बसलो. हे मी तुला पहिल्यांदाच सांगतो आहे, आणि तुझ्या बाबांशीही या विषयावर कधी नीट बोललो नाही. गप्प बसणं हेही सामील होणंच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला. इथं २०२४ च्या डिसेंबरात केंद्राचा कायदा झाला, त्यानुसार कुठल्या संघटनेवर हेझिंग सिद्ध झालं याचा अहवाल विद्यापीठाला जाहीर करावा लागतो. तो अहवाल काढून वाच. घराचं नाव त्यात असेल तर माझं उत्तर तिथंच संपलं. आणि नसेल तरीही, कुणी म्हणालं की अमुक एक गोष्ट बाहेर सांगायची नाही, तर त्याच रात्री बाहेर पड आणि मला फोन कर. दीड तासात पोचतो.

फार्महाऊसच्या घरांत दारू ठेवत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. बाबांना हे सांगितलं की निम्मी काळजी उतरेल. पण नियम भिंतीवर असतो आणि वागणूक टेबलावर दिसते. सोमवारी जाशील तेव्हा सगळ्यात नवा, सगळ्यात बुजरा मुलगा कुठं बसलाय ते बघ. त्याच्याशी कुणी बोलतंय का? स्वयंपाक करणाऱ्या माणसाला नावानं हाक मारतात का? शहरातला, ज्याच्या घरी एक गुंठाही नाही असा मुलगा तिथं आहे का? फार्महाऊसमध्ये आता शेती न शिकणारेही घेतात, काही जुने सभासद त्यावर नाराज असतात, मला तो बदल चांगला वाटतो. शेतकऱ्याच्या पोरानं फक्त शेतकऱ्याच्या पोरांत राहायचं असेल तर गाव सोडायचंच कशाला? जेवताना कुणाच्या घरची यंदाची मका कशी आहे याचं बोलणं निघतं का, की फक्त कुठल्या कंपनीत कोण माजी सभासद बसलाय याचंच? ओळखी मिळतील, नोकरीला उपयोग होईल, ते वाईट नाही. पण तेवढ्यासाठीच जाणार असशील तर ज्यांच्या वडिलांचा लिलाव होईल त्यांच्या शेजारी तू उभा राहणार नाहीस.

खर्चाचं लाजू नकोस. महिन्याचं भाडं, जेवण, सभासद वर्गणी, माजी सभासदांच्या शिष्यवृत्त्या, सगळं लिहून माग आणि वसतिगृहाच्या खर्चाशी ताडून बघ. शाकाहारी असल्याचं पहिल्याच दिवशी सांग, चौथ्या दिवशी नाही. प्रार्थना ख्रिस्ती असेल. तिथं तू काय करणार आहेस, हेही मोकळेपणानं सांग. जे घर यानं अवघडेल ते तुझं नव्हे.

आणि एकच घर बघून ठरवू नकोस. तुमच्याकडे शेतीवाल्यांची तीन-चार तरी आहेत. सगळीकडे जेवून ये. मग मनात क्रम लाव आणि मला तोंडी कारणं दे, त्या पशुप्रदर्शनातल्या पोरांसारखी. चौथ्या नंबरच्या घरात काय चांगलं होतं तेही ऐकायचंय मला.

टाय तुझ्याकडे नसणार. माझा निळा आज पोस्टानं पाठवतोय, शनिवारपर्यंत मिळेल. गाठ मारायला येत नसेल तर व्हिडिओ कॉल कर. मंगळवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, तेव्हा बोलू. तोवर बाबांना मी सांभाळतो.

तुझा,
काका